कोणती कपॅशिटी?

"गाडी भरली" हे दोन शब्द आप्पांच्या तोंडून मी चार वर्षांत एकदाही ऐकले नाहीत. गाडी भरायची, चांगली ठेचून भरायची. उभ्या माणसांना पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवावी लागायची. मग खिडकीजवळ आरामात बसलेला कोणीतरी कावून ओरडायचा, "ओ कंडक्टर, भरली की गाडी! मारा घंटी!" यावर आप्पा तिकिटाच्या पेटीवर चिमटा टकटक वाजवायचे आणि अगदी शांतपणे विचारायचे, "भरली? कोणत्या विषयात भरली?"

ओरडणारा विचार करेपर्यंत दाराशी लोंबकळणारे तिघं आत आलेले असत.

मन्मथप्पा हलकुडे हे त्यांचं पूर्ण नाव. नांदेड–लातूर गाडीचे कंडक्टर. अंगानं बारीक, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खाकी शर्टाच्या आत गळ्यातलं इष्टलिंग, एक पेन्सिल खिशात आणि दुसरी कानावर. शिक्षण जुनी मॅट्रिक. पण मॅट्रिकनंतर त्यांनी जे काही वाचलं होतं ते आमच्या अख्ख्या कॉलेजच्या स्टाफरूमनं मिळून वाचलं नसेल. आणि एवढं वाचून त्यांच्या हाती लागलेला शब्द एकच होता.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, नवे शिक्के. ज्या कामाला लोक आधी उस्मानाबादला जायचे त्या कामाला आता लातूरला लोटत होते. त्याच लाटेत मलाही तिथल्या एका नव्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची नोकरी लागली. बायको नांदेडला शाळेत शिक्षिका, त्यामुळे बिऱ्हाड हलवता येईना. सोमवारी सकाळी नांदेडहून निघायचं आणि शनिवारी दुपारी परत, असा माझा क्रम ठरला. सोमवारची गाडी आप्पांची आणि शनिवारचीही आप्पांचीच.

पहिल्या सोमवारी त्यांनी तिकीट फाडता फाडता विचारलं, "सर दिसता. काय शिकवता?"

"अर्थशास्त्र."

"म्हंजे कर देण्याची कपॅशिटी तुमच्याकडं हाय," ते म्हणाले. जणू ती वस्तू मी बॅगेत घालूनच निघालो होतो. "फिजिक्सवाल्याकडं उष्णतेची हाय. वकिलाकडं कराराची. डॉक्टराकडं फुप्फुसाची. शब्द एकच, अन् सगळ्यांनी वाटून घेतलाय. पर वाटणी झाल्यावर भावाभावात बोलणं ऱ्हात न्हाई, तसं हाय तुमचं. तुम्ही कधी फिजिक्सवाल्याला इचारलंय का, बाबा, तुझी कपॅशिटी अन् माझी कपॅशिटी एकच हाय का येगळी?"

मी नाही म्हणालो.

"बघा. एका पगारावर जगता, एका खोलीत चहा पिता, अन् इचारत न्हाईत."

लोहा गाव येईपर्यंत मी आठवून बघत होतो. विचारलं नव्हतं हे खरंच होतं.

हे ज्ञान त्यांच्याकडे येत कुठून होतं, ते मला महिनाभरानं कळलं. गाडीत विसरलेल्या पुस्तकांतून. छत्री, डबा, चपलेचा एक पाय असं काही सापडलं तर आप्पा ते त्याच दिवशी डेपोत जमा करत. पुस्तक मात्र दुसऱ्या दिवशी. नांदेडला गाडी दीड तास उभी राहायची. बाकीचे ड्रायव्हर-कंडक्टर जेवून लवंडत, तेव्हा आप्पा मागच्या लांब सीटवर मांडी घालून त्या पुस्तकाचा फडशा पाडायचे. इंग्रजी असलं तर डिक्शनरी घेऊन. फाटकं असलं तर खळ लावून, खाकी कागदाचं कव्हर घालून मगच जमा करायचे. पुस्तकाचा मालक डेपोत आला की त्याला आत एक चिठ्ठी मिळायची: 'पान ११२ वरील दुसरा परिच्छेद समजला नाही. गाडीत भेट झाल्यास सांगावे. आपला, वाहक.'

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक मुलगा अशी चिठ्ठी घेऊन खरोखरच आला होता. अहमदपूरपासून चाकूरपर्यंत त्यानं आप्पांना उष्णता धरून ठेवण्याचं गणित समजावलं. आप्पांनी ते लगेच गाडीला लावून टाकलं. "लोखंड पटकन तापतं अन् पटकन निवतं. पाणी तापायला येळ लागतो, पर तापलं की धरून ठिवतं. आमचे गफूरभाई लोखंड. मी पाणी."

गफूरभाई म्हणजे गाडीचे ड्रायव्हर. जाडजूड, पान खाणारे, तापट. आप्पांचं तत्त्वज्ञान त्यांनी बारा वर्षं स्टेअरिंगमागून ऐकलं होतं आणि त्यांचा युक्तिवाद कायम एकच असायचा, "आप्पा, टायर कू किताब पढना नै आता."

कायद्याचं पुस्तक कुणा वकिलीच्या विद्यार्थ्याचं. त्यात आप्पांना असं मिळालं, की करार करायला माणूस शुद्धीवर लागतो. झालं. पुढच्याच आठवड्यात शिरूर ताजबंदला एक गृहस्थ झुलत झुलत गाडीत चढले आणि त्यांनी लातूरचं तिकीट मागितलं. आप्पांनी ते द्यायला साफ नकार दिला.

"तिकीट म्हंजे करार. तुमची करार करायची कपॅशिटी आत्ता न्हाई."

"मंग उतरू का?"

"उतरायचीबी न्हाई. बसा हितं."

आप्पांनी त्याला स्वतःच्या जागेवर बसवलं, स्वतः उभे राहिले आणि चाकूरला त्याची परीक्षा घेतली. महिना कोणता? बरोबर आला. बायकोचं नाव? तेही आलं, जरा लाजत. तेरा आणि नऊ किती? इथं गाडी अडकली. तो माणूस छताकडे बघत राहिला. मागून कोणी एकवीस म्हणालं, कोणी तेवीस. माझ्या शेजारचे एक पेन्शनर बोटं मोजायला लागले. शेवटी आप्पाच खजील होऊन म्हणाले, "जाऊ द्या. ह्या हिशेबानं अख्ख्या गाडीची तिकिटं रद्द व्हतील," आणि त्यांनी तिकीट फाडलं.

हसायचे सगळे. मीही हसायचो. स्टाफरूममध्ये मी आप्पांचे किस्से सांगायचो आणि आमचे फिजिक्सचे कुलकर्णी सर पोट धरून हसायचे. पण एकदा, एकदाच, मला हसू आलं नव्हतं. कुणा मेडिकलच्या मुलीची वही गाडीत राहिली होती, फुप्फुसांवरची. आप्पा मला वाचलेलं सांगत होते. "माणसानं सगळा श्वास भायेर सोडला, सर, अगदी पोट आत ओढून सोडला, तरी थोडी हवा आत ऱ्हातीच. ती काढता येत न्हाई. म्हंजे माणूस कितीबी रिकामा झाला तरी बुडाला थोडं शिल्लक असतंच." असं म्हणून ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मला वाटलं, पुढचा थांबा बघत असतील.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. आधीचं वर्षही बरं नव्हतंच, पण त्या वर्षी जानेवारीतच आड कोरडे पडले. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या रांगा दिसू लागल्या. रोजगार हमीची कामं निघाली होती. आणि आमच्या गाडीत माणसांबरोबर भांडी चढायला लागली. घागरी, हंडे, तेलाचे मोकळे डबे, रबरी ट्यूब. ज्याच्या पाहुण्याच्या गावाला पाणी असेल तो पाहुण्याकडे निघालेला. जाताना भांडी रिकामी आणि येताना भरलेली. भरलेल्या घागरीला सामानाचं तिकीट लावायचं का, यावर इतर गाड्यांत भांडणं व्हायची. आप्पा म्हणायचे, "पाणी सामान न्हाई. पाणी पॅसेंजर हाय, अन् लेकरू हाय. लेकराला तिकीट न्हाई." गफूरभाई आरशातून बघत मान हलवायचे, पण बोलायचे काही नाहीत. त्यांच्याही सीटखाली दोन डबे असायचे.

मार्चमध्ये, दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत, ते प्रकरण घडलं.

सोमवार होता. अहमदपूर अजून बरंच पुढं होतं आणि गाडी आधीच गच्च होती. एका फाट्यावर सतरा-अठरा मुली उभ्या होत्या, खांद्याला कापडी दप्तरं, हातात पॅड, कंपासपेट्या, आणि बरोबर एक बाई, त्यांच्या शिक्षिका. त्यांची आधीची गाडी रस्त्यात बंद पडली होती. परीक्षेचं केंद्र अहमदपूरला. पेपर सुरू व्हायला तास राहिलेला. बाई अक्षरशः रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभ्या होत्या, म्हणून गफूरभाईंना गाडी थांबवावी लागली.

"भरली, भरली," आतून आवाज उठला. "पुढच्या गाडीनं या म्हणावं!"

आप्पा दार उघडून पायरीवर उभे राहिले. मुलींकडे पाहिलं. एका मुलीनं पेन तोंडात घट्ट धरलं होतं, रडू फुटू नये म्हणून. आप्पा गाडीकडे वळले.

"ऐका," ते म्हणाले. "कागदाच्या विषयात ही गाडी लोह्यालाच भरली. मान्य. हवेच्या विषयात अजून अर्धी मोकळी हाय, कारण तुमच्या मांड्यांवर रिकाम्या घागरी हायत अन् घागरीत नुस्ती हवा हाय. अन् दयेच्या विषयात म्हणाल, तर सकाळपासून ह्या गाडीत कोणी बसलंच न्हाई. उठा!"

पुढची दहा मिनिटं जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आप्पांनी त्या गाडीची पुन्हा मांडणी केली. मुलींची दप्तरं घागरींमध्ये घातली. हंड्यात हंडे, त्यात डबे, डब्यात चपला. मोठी भांडी टपावर चढवली. दोघांच्या सीटवर चौघं, तिघांच्या सीटवर सहा. शेजारी बसलेले एक गृहस्थ माझ्या मांडीवर आले आणि त्यांच्या मांडीवर एक लोणच्याची बरणी. म्हाताऱ्या माणसांना आप्पांनी हलवलं नाही, पण त्यांच्या पायांशी दोन-दोन मुली बसवल्या, परीक्षेचं पुस्तक उघडून. शेवटी बाई चढल्या आणि दार लागलं. म्हणजे बाहेरून दोघांनी ढकलल्यावर लागलं.

गफूरभाई एकदाच बोलले. "आप्पा, टायर..."

"टायराला म्हणावं, आजच्या दिवस वाच."

अहमदपूरच्या अलीकडे तपासणीची जीप आडवी आली. दोन तपासनीस. त्यातला मोठा दारात डोकावला तेव्हा आत यायला जागाच नव्हती, त्यामुळे त्याला बाहेरूनच माणसं मोजावी लागली. तो दोनदा चुकला आणि संतापला.

"गाडीची कपॅशिटी किती आहे?" तो आप्पांवर ओरडला.

मी डोळे मिटून घेतले. मला माहीत होतं काय होणार.

"कोणती?" आप्पा म्हणाले.

त्या एका शब्दानं सगळं बिघडलं. जादा माणसं भरली हे एक कलम, आणि 'विचारलेल्या प्रश्नास उर्मट व चेष्टेचे उत्तर दिले' हे दुसरं. आप्पा चेष्टा करत नव्हते हे त्या माणसाला कोण सांगणार? पण एवढं मात्र झालं, की आप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "सायब, मला धरा, पर आधी पोरींना पोचवू द्या." तपासनीसानं घड्याळ पाहिलं, मुली पाहिल्या. मग तो स्वतः जीप पुढे घालून गर्दीतून वाट काढत गेला. पेपरला सात मिनिटं असताना मुली शाळेच्या फाटकातून पळत आत गेल्या. घागरींतली दप्तरं काढून देताना दोघींची अदलाबदल झाली, ती बाईंनी निस्तरली.

चौकशी महिन्याभरानं लागली, लातूरला. साक्षीदार म्हणून मी गेलो होतो. नव्या जिल्ह्यातल्या सगळ्याच कचेऱ्यांसारखी तीही भाड्याच्या घरात भरलेली. एका खोलीत पाच टेबलं, खिडकीत फायली, फायलींवर फायली. चौकशी करणारे साहेब थकलेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या खुर्चीच्या मागे कपाट असल्यामुळे त्यांना उठायचं असलं की शेजारच्या कारकुनाला आधी उठावं लागे.

आप्पा पिशवीतून पाच पुस्तकं घेऊन आले होते. सगळी लोकांकडून मागून आणलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवायला जागा शोधली. सापडली नाही, म्हणून छातीशी धरून उभे राहिले.

"हलकुडे," साहेब म्हणाले, "साधं उत्तर द्या. गाडीत किती माणसं बसवायची परवानगी आहे?"

"परवानगी इचारली तर सांगतो, सायब. ती पाटीवर लिवलेली हाय. त्यांनी कपॅशिटी इचारली."

"दोन्ही एकच."

"न्हाई, सायब." आप्पा घसा खाकरून सुरू झाले. उष्णतेपासून सुरुवात केली, मग करार, मग फुप्फुस, मग एका कुरणात किती जनावरं चरली म्हणजे कुरण मरतं ते. मधेच माझ्याकडे बोट करून, "कर देण्याची हे सर सांगतील," म्हणाले. कारकुनांनी लिहिणं थांबवलं होतं. साहेबांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. शेवटी आप्पा म्हणाले, "आता ही खोली बघा. हिची कपॅशिटी दोन टेबलांची. पर जिल्हा झाला, गरज पडली, तुम्ही पाच घातली. चालतंय का न्हाई? तसं त्या दिवशी मला पोरी घालाव्या लागल्या."

साहेब हसले. खरं म्हणजे त्यांनी खूप प्रयत्न केला न हसण्याचा. पण नियम तो नियम. त्यांनी उर्मटपणाचं कलम काढून टाकलं आणि जादा माणसांबद्दल आप्पांना लांबच्या गाडीवरून काढून लातूर–रेणापूर या छोट्या गाडीवर टाकलं. दिवसभर तेवढ्याच रस्त्यावर जा-ये.

सह्या झाल्या. आम्ही निघणार, तेवढ्यात साहेब फाईल बांधता बांधता सहज म्हणाले, "हलकुडे, तुमचा अभ्यास चांगला आहे. आमच्या मुलाला त्याचे मास्तर म्हणतात, त्याची कपॅशिटीच नाही. आम्हीही आता नाद सोडला."

आप्पा दारातून परत आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"सायब, आज जाऊन मास्तरला इचारा, कोणती. गणिताची न्हाई, का बसून ऱ्हायाची न्हाई, का त्याला मास्तरची भीती वाटती. काय न्हाई ते सांगाय लावा. इचारल्याबिगर घरी जाऊ नका."

साहेबांची फाईलची गाठ तशीच अर्धी राहिली.

त्यानंतर सोमवारची गाडी सपक झाली. नवा कंडक्टर चांगला होता. गाडी भरली की भरली म्हणायचा. आप्पांची भेट होईना. मी ठरवायचो, एकदा रेणापूरच्या गाडीत बसून जाऊन येऊ, आणि शनिवारी घरची ओढ लागली की राहून जायचं.

मे महिन्यात परीक्षेच्या कामासाठी मला एक रविवार लातुरात काढावा लागला. सकाळी चहा प्यायला स्टँडवर गेलो, तर समोर आप्पा. खाकी नव्हती. धोतर, पांढरा सदरा, टोपी. हाताला धरलेली एक मुलगी, वीस-एकवीस वर्षांची, दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी, जत्रेला निघाल्यासारखी नटलेली. तिची नजर एका जागी ठरत नव्हती, आणि चालताना ती डावा पाय जरा ओढत होती.

"माझी पोरगी, सर. गौरा. गौरा, सर हायत. नमस्कार कर."

तिनं नमस्कार केला नाही. माझ्या शर्टाच्या बटणाला बोट लावलं आणि खूष होऊन हसली.

"आज सुट्टी ना तुमची?"

"सुट्टीच हाय. म्हणून तर हिला घिऊन चाललो. रेणापूरला जायचं अन् त्याच गाडीनं परत यायचं. तिला खिडकी लागती."

मी चहा सोडला आणि त्यांच्याबरोबर चढलो. गौरा खिडकीत, मधे आप्पा, कडेला मी. तिकिटं आप्पांनी काढली. त्यांच्याकडे पास होता, पण गौराला तिकीट हातात लागायचं. तिनं ते मुठीत घट्ट धरलं.

गाडी गावाबाहेर पडली तशी गौरानं हात खिडकीबाहेर काढला आणि हलवायला सुरुवात केली. पंक्चरच्या दुकानातल्या माणसानं मान वर केली आणि हात हलवला. "गौराबाई!" असं ओरडलाही. पुढं चहाच्या टपरीवरच्या बाईनं गाळणीसकट हात वर केला. पिठाच्या गिरणीतला पांढराफटक माणूस दाराबाहेर येऊन उभाच होता. एका शाळेचा शिपाई, एक न्हावी, कडब्याच्या गाडीवर बसलेला एक म्हातारा, सगळे. प्रत्येक वेळी गौरा आनंदानं किंचाळायची आणि मागं वळून आप्पांच्या तोंडाकडे बघायची.

"या रस्त्यावरचे लोक भारी प्रेमळ दिसतात," मी म्हणालो.

आप्पा संकोचले. "मीच सांगून ठिवलंय, सर. रोज इतक्या खेपा व्हतात. जिथं गाडी थांबली तिथं उतरून ज्याला त्याला सांगितलं. रविवारी दहाच्या गाडीला खिडकीत माझी पोरगी असती, ती हात करती. तुम्हीबी जरा हात करत जा. लोकांनी ऐकलं. पंक्चरवाला तर म्हणला, आप्पा, नावबी सांगा."

मग ते हळू आवाजात सांगायला लागले. गाडीच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागलं.

"ही सात वर्षांची असताना हिला मोठ्या शहरात नेली होती. मोठा डॉक्टर. हिची आई तवा व्हती. दिवसभर बसवलं अन् दोन मिन्टं बघितलं. म्हणला, हिची कपॅशिटी एवढीच हाय. मी हाव, बरं, म्हणलो, सर. हाव म्हणून पोरीला उचललं अन् भायेर आलो. जिना उतरल्यावर हिची आई म्हणली, एवढीच म्हंजे किती? अन् काय करायची? बोलायची, का शिकायची, का जगायची? मला सांगता आलं न्हाई. परत वर गेलो तर दार बंद झालं व्हतं. गाडीची येळ झाली व्हती."

त्यांनी गौराच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधायला घेतली. खडबडीत बोटांनी, पण सफाईदार फूल बांधलं.

"तिची आई गेल्यावर समदं मीच बघतो. हिला दीडशे गाणी येतात, सर. मोजलीत मी. अन् आकडे तीनच्या पुढं येत न्हाईत. आता ही कोणत्या पुस्तकात बसती ते तुम्ही सांगा."

मी अर्थशास्त्राचा माणूस. मला काहीच सांगता आलं नाही. आणि का कुणास ठाऊक, सांगितलं नाही याचंच मला बरं वाटलं.

रेणापूर जवळ आलं. इथं वस्ती नव्हती. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, ढेकळं भाजून करडी झालेली. गौराचा हात बाहेरच होता, पण हलवायला समोर कोणी नव्हतं. ती हात तसाच धरून वाट बघत राहिली. आप्पांची चुळबुळ सुरू झाली. "हितं जरा रिकामं हाय," ते माझी माफी मागितल्यासारखं म्हणाले. "एवढा एक पट्टा. इथं सांगायला माणूसच न्हाई."

वळणावर खडीचा ढीग दिसला. रविवार असूनही पाच-सहा बाया उन्हात बसून दगड फोडत होत्या, डोक्यावरून पदर ओढून. कोणी वर बघत नव्हतं. आप्पांनी गौराच्या खांद्यावर हात ठेवला, तिला आत ओढून घ्यावं की काय अशा विचारात.

शेवटच्या म्हातारीनं हातोडी थांबवली. डोळ्यांवर हात धरून गाडीकडे पाहिलं. मग हातोडी खाली ठेवली, गुडघ्यावर रेटा देत उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागली. गौरा ओरडली. म्हातारीही काहीतरी ओरडली, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

आप्पा जागेवरून उठले. उभे राहून मागच्या काचेतून तिच्याकडे बघत राहिले, ती ठिपक्याएवढी होईपर्यंत. मग हळूच खाली बसले.

"ह्या म्हातारीला मी सांगितलं न्हवतं, सर," ते म्हणाले. "हिला म्या कायबी सांगितलं न्हवतं."